मी न दिलेली माफी

हे लिहायला मला आमच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी बसवलं. बोटांना व्यायाम म्हणून रोज अर्धं पान लिहा म्हणाल्या, काहीही लिहा. पहिले आठ दिवस मी नुसती गावांची नावं लिहिली. कोर्लई, रेवदंडा, काशीद, अलिबाग. मग त्याचा कंटाळा आला. मनात आलं, आत्ता या घटकेला कुणीतरी कुठल्यातरी कॉटवर पडलं असेल, ज्याला सगळं ऐकू येतं पण तोंडातून शब्द काढता येत नाही. आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर कुणीतरी बसलं असेल. त्या दोघांसाठी लिहिते. आजाराची शास्त्रीय माहिती हवी असेल तर डॉक्टरांना विचारा, मला त्यातलं निम्मंसुद्धा कळलेलं नाही.

माझं नाव मोनिका. वय छप्पन. माहेर कोर्लईचं, सासर रेवदंड्याचं, मध्ये फक्त खाडीवरचा पूल. नवरा सायमन रिक्षा चालवतो. आम्हाला मूलबाळ नाही. मी घरीच शिवणकाम करते आणि मला एक वाईट सवय आहे, कुठलीही गोष्ट कशी बनवलीय ते उसवून बघण्याची. लहानपणी आईचा सणाचा ब्लाउज उसवून बघितला होता म्हणून मार खाल्ला होता. ही सवय आजारपणातही सुटली नाही, हे पुढे दिसेलच.

सुई

सुरुवात बोटांपासून झाली. शाळेचे गणवेश शिवत होते आणि मशीनची सुई डाव्या बोटात घुसली. शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई जाणं हे काही नवल नाही. नवल हे, की पांढऱ्या कापडावर रक्त दिसलं तेव्हा मला ते कळलं. दुखलंच नव्हतं. मी टाचणी घेतली आणि शेजारच्या बोटाला टोचून बघितली. मग त्याच्या शेजारच्या. सायमन चहा घेऊन दारात उभा.

"काय चाललंय तुझं?"

"बघतेय, कुठपर्यंत दुखत नाही ते."

त्याने कप खाली ठेवला आणि टाचण्यांची डबी उचलून कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी पायांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात बसले आणि मला उठताच येईना. सायमनने मला उचलून रिक्षात घातलं. रेवदंड्याहून अलिबागचा रस्ता मी हजारदा केलाय, पण मागच्या सीटवर आडवं पडून कधी केला नव्हता. झाडांचे शेंडे तेवढे दिसत होते. अलिबागच्या डॉक्टरांनी वेळ न घालवता आम्हाला नवी मुंबईला पाठवलं.

त्या दिवशी

आजाराचं नाव सांगणारे डॉक्टर तरुण होते. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या गुडघ्यावर ठोकलं. गुडघा ढिम्म. दुसऱ्यावर ठोकलं, तोही तसाच. मग पाठीच्या कण्यातून पाणी काढलं आणि संध्याकाळी येऊन म्हणाले, "जीबीएस आहे. शरीराची स्वतःची फौज चुकून आपल्याच नसांवर उठते."

"का उठते?" मी विचारलं.

"नक्की सांगता येत नाही. मध्यंतरी पोट बिघडलं होतं का?"

बिघडलं होतं, दोन आठवड्यांपूर्वी.

"मग त्यानेही झालं असेल. पोटातल्या जंतूंशी लढायला फौज निघाली आणि तिची ओळख चुकली."

"बरं होतं का?"

"बहुतेकांचं होतं. पण आधी आणखी बिघडेल, मग सुधारेल."

सायमनने खिशात हात घातला. मला ठाऊक होतं, तो आतल्या आत रोझरीचे, आमच्या जपमाळेचे, मणी ओढतोय. मी मात्र डॉक्टरांना विचारत सुटले. किती बिघडेल, कुठपर्यंत चढेल, चढतं तसंच उतरतं का. विचारत राहिलं की भीती जरा लांब राहते. पण रात्रीचं जेवण यायच्या आधीच मला माझी थुंकी गिळता येईना आणि मग मी खरोखर घाबरले. श्वास अर्ध्यातच संपायला लागला. नळी घालायला मला नेलं तेव्हा मी सायमनला जे शेवटचं बोलले ते लोक विचारतात म्हणून सांगते. मी म्हटलं, "मशीनवर झाकण घाल." पुढचे पाच आठवडे मी एक शब्दही बोलले नाही.

छत

अतिदक्षता विभागात माणूस पाठीवर पडलेला असतो, म्हणून मला तिथलं फक्त छत नीट सांगता येईल. चार ट्यूबलाइट, त्यातली एक लुकलुकणारी. सकाळी सहाला अंग पुसायचे. आठला डॉक्टरांची फेरी. दर दोन तासांनी कूस बदलायची, आणि मधून मधून गळ्यातल्या नळीतून कफ ओढायचा. ते ओढताना जीव जातोय असंच वाटतं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच वाटतं. त्याची सवय होत नाही. कुणी तुम्हाला सवय होईल म्हणून सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण ते अर्ध्या मिनिटात संपतं यावर ठेवा.

चेहरासुद्धा लुळा पडला होता. डोळे जेमतेम अर्धे मिटायचे. ते कोरडे पडू नयेत म्हणून थेंब घालायचे. एका सिस्टरने मला खूण शिकवली. हो म्हणायचं असेल तर जमतील तेवढे डोळे मिटा, नाही म्हणायचं असेल तर वर बघा. तुम्हाला सांगते, एवढ्या दोन शब्दांत पुष्कळ जगता येतं. गार वाटतंय का, हो. पाठ दुखतेय का, हो. देवाचं गाणं लावू का, नाही. तिथली सफाईची एक मावशी माझे केस विंचरताना तिच्या सुनेबद्दल तक्रारी सांगायची आणि अधूनमधून विचारायची, "बरोबर ना?" मी डोळे मिटायचे. मला वाटतं, तिच्या घरातली अर्धी भांडणं मी तिच्या बाजूने निकालात काढली.

फिलू

सातव्या की आठव्या दिवशी भेटायच्या वेळेला सायमनऐवजी एक बाई आत आली. टोपी आणि मास्कमध्ये तिचा चेहरा दिसत नव्हता. तिने वाकून माझा हात धरला.

"बाय, मी फिलू. वळखलंस ना?"

ओळखलं होतं, हाताच्या खरखरीतपणावरूनच. फिलोमिना ही माझ्या भावाची बायको. कोर्लईला माझ्या माहेरच्या घरात राहते. भाऊ कित्येक वर्षं आखातात आहे. आणि फिलूशी मी दहा वर्षं एक शब्द बोलले नव्हते.

सायमनने मला न विचारता तिला बोलावलं होतं. विचारणार तरी कसं? पुढे बायकांच्या वॉर्डात दिवसभर बाईमाणूसच लागणार होतं आणि आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. तरी मला सायमनचा इतका राग आला की मॉनिटर वाजायला लागला आणि सिस्टर धावत आली.

दहा वर्षांपूर्वी माझी आई गेली. दोन वर्षं अंथरुणाला होती आणि फिलू तिचं सगळं करत होती. शुक्रवारपासून आईचं शेवटचं सुरू झालं होतं. शनिवारी संध्याकाळी ती गेली. पुलाच्या अलीकडे, रिक्षाने दहा मिनिटांवर मी होते, आणि फिलूने मला फोन केला नाही. जाण्याच्या आधी नाही आणि गेल्यानंतरही नाही. रविवारी सकाळी मी रेवदंड्याच्या बाजारात सुकट घेत होते. मासळीवाली माझ्याकडे बघत राहिली.

"अगो मोना, तुजी आय गेली न तू हितं बाजारान काय करतेस?"

मला आईच्या मरणाची बातमी अशी कळली. धावत गेले तर पेटीवर झाकण ठेवायची तयारी चालली होती. आईचा चेहरा पाहायला मिळाला, पण तिने माझा पाहिला नाही, एवढं एकच मला दिसत होतं. मातीवरून परत येतानाच मी ठरवलं, हिच्याशी बोलायचं नाही.

गावाला ते कळायला वेळ लागला नाही. आमच्या चर्चमध्ये मिस्सेत, म्हणजे रविवारच्या नि सणाच्या उपासनेत, एक वेळ येते, शेजारच्याला हात जोडून शांती द्यायची. सणाला कोर्लईला गेले की मी फिलू कुठे बसलीय ते आधी बघायचे आणि दुसऱ्या टोकाचं बाक धरायचे. बाकीच्या बायकाही मला जागा करून द्यायच्या, म्हणजे दोघींची पंचाईत नको. आणि प्रभूच्या प्रार्थनेत जिथे आपण देवाला सांगतो की आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, तिथे मी गप्प बसायचे. दहा वर्षं मी ती ओळ म्हटली नाही. खोटं कशाला बोला? देवाशी निदान व्यवहार साफ असावा, असा माझा हिशेब होता.

थेंब

फिलू पहिल्यांदा येऊन गेल्यावर दोन दिवसांनी मला ताप चढला आणि डॉक्टरांचे चेहरे बदलले. आमचे फादर कोर्लईहून यायला निघाले, आजाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन. आता आमच्याकडची एक रीत सांगते. तेल लावायच्या आधी, घरात कुणी आजाऱ्याशी अबोला धरून असेल तर त्याने येऊन माफी मागायची. तेल भांडणावर लावत नाहीत, असं जुनी माणसं म्हणतात. फादर म्हणतात, असं कुठे लिहिलेलं नाही. पण जुनी माणसं फादरना विचारत बसत नाहीत.

म्हणून फिलू आत आली. सिस्टर कामात होती, तिने फिलूच्या हातात थेंबांची बाटली दिली. फिलूने माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि बाटली हातातच ठेवून घाईघाईने म्हणाली, "बाय, फादर आलंन खाली. आयेच्या वक्ताला मी चुकले. मला माफ केलंस काय गो?"

मला वर बघायचं होतं. अगदी खरं सांगते, मला जमेल तितकं वर बघायचं होतं. पण डोळ्यात थेंब पडला की पापणी आपली आपण मिटते, तिला तुमची परवानगी लागत नाही. माझे डोळे मिटले.

"हो म्हणाल्या!" सिस्टर पलीकडून म्हणाली.

फिलू रडायला लागली. तिने माझ्या कपाळावर क्रूसाची खूण केली आणि बाहेर सांगायला धावली. मी डोळे उघडून वर बघितलं, पुन्हा पुन्हा वर बघितलं, पण आता मला कुणी काही विचारतच नव्हतं. दहा मिनिटांनी फादरांनी माझ्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. मी मनात म्हटलं, देवा, हे खोट्या साक्षीवर चाललंय, तू बघतोयस ना?

फुकटची माफी

ताप उतरला. मी मेले नाही. आणि फिलू हॉस्पिटलजवळच मुक्काम ठोकून रोज यायला लागली.

आता हिचं काय करायचं? तिला वाटत होतं की माझी-तिची दिलजमाई झाली. तिने माझी नखं कापली. माझ्या टाचांना तेल चोळलं. मला वॉर्डात हलवलं तेव्हा बेडपॅन दिलं, अंग पुसलं, पाठीला फोड येऊ नयेत म्हणून घड्याळ लावून कुशी बदलल्या. बोलायची तर अखंड. गावात कुणाच्या होडीचं इंजिन बिघडलं, कुणाच्या पोरीचं जमलं, कुठला कोंबडा कुणी चोरला. आमच्या कोर्लईच्या घरांत जुन्या पोर्तुगीज वळणाची एक बोली आहे, ती मराठीत उतरत नाही, पण फिलू भान हरपून बोलायला लागली की तीच बोलायची आणि तिच्या तोंडून मला आईचे शब्द ऐकू यायचे. मी दहा वर्षांत ती बोली फारशी ऐकली नव्हती. रेवदंड्याला कुणाशी बोलणार?

मला या सगळ्याचं कुतूहल वाटायला लागलं. मी माफी दिली नव्हती, तरी ती तिच्यापर्यंत पोचली होती. तिचा चेहरा हलका झाला होता, हे मी डोळ्यांनी बघत होते. म्हणजे न पाठवलेलं पत्र मिळून त्याचं उत्तरही यावं तसा प्रकार. मग माझ्याकडे काय राहिलं होतं? मी ते चाचपून बघायचे, जसं टाचणीने बोटं बघितली होती तसं. बाजारातली ती सकाळ आठवायची आणि बघायचे, दुखतं का. दुखायचं. पण ती माझ्या टाचांना तेल चोळत असताना आठवलं तर कमी दुखायचं, आणि ती रात्री निघून गेल्यावर आठवलं तर जास्त. याचा अर्थ काय, ते मला अजून सांगता येत नाही. मी फक्त जे दिसलं ते लिहितेय.

पाच आठवड्यांनी गळ्यातली नळी निघाली. पहिला आवाज फुटका, कावळ्यासारखा आला. सायमन हसला आणि रडला. सगळे वाट बघत होते मी काय बोलते म्हणून. मला फिलूला सांगायचं होतं, की मी हो म्हटलं नव्हतं. ती पायाशी उभी होती, हातात माझी ओली चादर. मी म्हटलं, "पाणी."

भ्याले, दुसरं काय. ती रागावून निघून गेली असती तर मला कुशीवर कोण वळवणार होतं? गरजेपोटी मी खोटी माफी चालवून घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण अशीच अवस्था आणखी कुणाची असेल तर त्याला कळावं की तो एकटा नाही.

दुपार

अडीच महिन्यांनी मी घरी आले. तोंडाला चव आली, मान सावरायला लागली, दंडात थोडा जोर आला. फिलू एक दिवसाआड पुलावरून यायची, सायमनला रिक्षा काढता यावी म्हणून. एका दुपारी ती माझ्या शेजारी बसून लसूण सोलत होती. मी रबरी चेंडू दाबत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला तोंडाशी नेता आला होता. कदाचित त्यानेच धीर आला.

"फिलू, तुला एक सांगायचंय. तेल लावायच्या दिवशी तू विचारलंस आणि माझे डोळे मिटले."

"हां."

"ते थेंबांनी मिटले. मी तुला हो म्हटलं नव्हतं."

ती लसूण सोलतच राहिली. "ठाव हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"थेंब मीच टाकलं होतं न. थेंब टाकल्यावर कुणाचं पन डोलं मिटतात."

"मग तू बाहेर जाऊन सांगितलंस कशाला?"

"सिस्टर म्हणाली हो, मी पन म्हटलं हो. न्हायतर तितं मी कुठल्या तोंडानं बसले असते, बाय?"

मला हसू यायला हवं होतं, थोडं आलंही. दोघी मिळून एकच खोटं सांभाळत होतो. मग मी दहा वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. खरं तर मी तो विचारलाच नव्हता, उत्तर मला ठाऊक आहे असं धरून चालले होते.

"मला का नाही बोलावलंस?"

तिने सुरी ताटात ठेवली.

"त्याच्या आदी तीनदा बोलावलं तुला. आयेला दम लागला की बोलवायची. तिसऱ्या वक्ताला तू दारातच मला बोललीस. फिलू, दर वेळेला माझं काम मोडून मला पळवतेस. म्हातारी खोकली की तुला मरण दिसतं. आता खरंच शेवटचं असंल तवाच बोलव."

मी नाही म्हणणार होते. पण मला आधी आठवला तो लग्नाचा पिवळा ब्लाउज, दुसऱ्या दिवशी द्यायचा होता आणि बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. मग दार आठवलं. मग माझा आवाज आठवला. ते मी बोलले होते, शब्दन् शब्द. दहा वर्षं माझ्या आठवणीत फक्त बाजार शिल्लक होता, दार गळून पडलं होतं. माझी आठवणसुद्धा मी माझ्या मापाने बेतून शिवली होती.

"मग त्या वेळी तुला कळलं नाही का शेवटचं आहे ते?"

फिलू लसणाची सालं गोळा करायला लागली. तिला तिथेच थांबता आलं असतं. नाही कळलं म्हणाली असती तर मीही मान हलवली असती आणि प्रकरण मिटलं असतं.

"कललं," ती म्हणाली. "शुक्रवारी सकालीच कललं. फोन हातात घेतला न परत ठेवला. म्हटलं, आता बघ. दोन वरीस मी हिचं हगलं-मुतलं काढते न तू दारात उभी राहून मला शिकवतेस. राग होता मला. मंग शनिवारी भ्याले. पन तवर उशीर झाला होता. तुला काय सांगनार, काल का न्हाय बोलावलं? म्हणून मंग न्हायच बोलावलं."

"आईने माझं नाव घेतलं का?"

"घेतलं. दोन-तीनदा घेतलं. मी सांगितलं, येते हाय ती, पुलावर पोचलीय."

माझ्या हातातला चेंडू पडला. तो उचलायला ती वाकली.

"आज जा तू," मी म्हटलं. ती लसणाचं ताट झाकून, चपला घालून गेली.

चार दिवस

चार दिवस ती आली नाही. सायमनने रिक्षा बंद ठेवली. काय झालं ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी आई तुझी वाट बघत गेली, म्हणजे कुणीतरी तिला वाट बघायला काहीतरी दिलं." मी त्याच्यावर खेकसले. पण त्याचं म्हणणं डोक्यातून जाईना.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर घरोघरच्या आजाऱ्यांना भेटतात. त्यांना मी विचारलं, ते तेल खोट्या साक्षीवर लावलं होतं, ते चाललं का? फादर म्हणाले, "उठून बसलीस ना? मग चाललं." मग जरा गंभीर झाले. मी त्यांना सगळं सांगितलं. माझाही दोष होता तेव्हा सोडून द्यावं का, असं विचारलं.

"सोडून देणं वेगळं," ते म्हणाले. "तिची चूक नव्हतीच असं म्हणशील तर क्षमा कशाची करशील? आता कुठे तुला कळलंय की तिने काय केलं. आधी तुला ठाऊकच नव्हतं."

हे मला पटलं, कारण माझ्या धंद्यातही तसंच असतं. फाटलं कुठे ते दिसल्याशिवाय रफू करता येत नाही. दहा वर्षं मी फिलूला बेपर्वा समजून रागावले होते. ती बेपर्वा नव्हती. तिने मुद्दाम केलं होतं, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, कुणी दडपण आणलं नसताना.

"पण क्षमा झाली हे कळतं कसं?" मी विचारलं.

"मलाही नीट ठाऊक नाही," फादर म्हणाले. "एक माणूस आहे, त्याला मी आठवड्यातून एकदा करतो. गुरुवारपर्यंत टिकते."

आम्ही दोघे हसलो. ते गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. क्रूसावरून येशूने ज्यांच्यासाठी क्षमा मागितली त्यांनी तर ती मागितलीसुद्धा नव्हती. फिलूने मागितली होती, आणि उत्तर मिळालं नाही हे ठाऊक असूनही माझी विष्ठा उचलली होती. मी देवाला म्हटलं, मला अजून राग आहे. आईचा दाराकडे लागलेला डोळा मला दिसतो. हे असं असताना चालेल का? पाचव्या दिवशी सकाळी मी सायमनला म्हटलं, "रिक्षा काढ."

पूल

वॉकर मागच्या सीटवर आडवा घातला. पुलावरून जाताना ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडलेल्या होत्या. दहा वर्षांत मी कोर्लईला चर्चपर्यंत गेले होते, माहेरच्या घरी नाही. दाराला तीन पायऱ्या आहेत हे विसरले होते. पहिली सायमनच्या आधाराने चढले, दुसरीही. तिसरीवर पाय थरथरायला लागले आणि मी दाराची चौकट धरून उभी राहिले.

फिलू ओटीवर तांदूळ निवडत होती. मला बघून उठलीच.

"कशाला आलीस गो? पडशील!"

"त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता येतं. परत विचार."

तिने सायमनकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. ती माझ्याकडे वळली.

"कशाचं विचारू?"

"सगळ्याचं."

तिने हात साडीला पुसले. तांदळाचे दोन दाणे बोटाला चिकटले होते, ते झटकले.

"फोन हातात घेतला न ठेवला," ती म्हणाली. "तुजा राग काढला. आयेला खोटं सांगितलं. मला माफ करशील काय, बाय?"

माझी जीभ अजून जड आहे, मोठं बोलायचं तर शब्द अडखळतात. मोठं बोलायची गरज नव्हती.

"केलं," मी म्हटलं. आणि ते खरं होतं. राग तिथेच होता, तरी खरं होतं. मग म्हटलं, "आणि मी याच दारात तुला जे बोलले, त्याचं तू सांग. मला माफ करशील?"

मला वाटलं, ती लगेच हो म्हणेल. रडेल, गळ्यात पडेल. फिलूने माझ्याकडे नीट बघितलं, अगदी खालपासून वरपर्यंत, जसं कुणी पहिल्यांदा बघावं.

"त्याला टाइम लागंल मला," ती म्हणाली, आणि आतून खुर्ची ओढून आणली. "बस तवर."

मी बसले.